दाणे आणि घास

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती पोचवून दमलेली माणसे झोपेत होती, तोच भूकंप झाला आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर दगडमातीखाली गेले. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता; आता धाराशिव. मदतीला धावून आलेल्यांनी गावोगाव मोठाली पातेली चुलीवर चढविली. त्या पंक्तींत माझी एक दूरची आत्या बसे. मुलगा-सून गमावलेली ती बाई पुढे सांगे, “आजी, आनखी घ्या, असं म्हनाया कुनीतरी हुतं.”

पंक्ती उठल्या. १ एप्रिल २००० पासून केंद्राची अन्नपूर्णा योजना आली. पासष्टी गाठलेल्या, वृद्धापकाळाच्या पेन्शनला पात्र असूनही ती न मिळणाऱ्या निराधारांना महिन्याला १० किलो धान्य फुकट. योजना चांगलीच, पण गिरणीपर्यंत जायचे कुणी, चूल फुंकायची कुणी? सरकारी कागदाला हे कसे सुचावे!

आत्येला गव्हाची चपाती चावत नसे. तिने तोड काढली : गहू शेजारच्या सुनेला द्यायचे, तिच्याकडून ज्वारीची भाकरी घ्यायची, आमटीत कुस्करायला. सून ताट आणी आणि आत्येचे जेवण होईपर्यंत उंबऱ्याशी बसून राही.