न कापलेल्या केसांचा इतिहास

गतवर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त तरुणांनी संत जोन ऑफ आर्क हिच्या जीवनावरील नाटक बसविले. जोनच्या भूमिकेसाठी निवडलेल्या मुलीचे केस कमरेखाली पोहोचणारे आणि जोन तर आखूड केसांची! दिग्दर्शकांनी शहरातून केसांचा टोप भाड्याने आणला. तो घालून मुलगी तालमीला उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावरची मुले हसू लागली. ‘‘मग मी कापूनच टाकते,’’ असे ती म्हणाली आणि त्यानंतर दोन दिवस तिच्या घरात कोणी कोणाशी धड बोलेना. अखेर तिची मावशी धावून आली. मुंबईत बरीच वर्षे केशभूषेचे काम केलेल्या या बाईंनी कात्रीला हातही न लावता, तासाभरात, त्या लांबसडक केसांचे हनुवटीशी संपणारे आखूड केस करून दाखविले.

खरे पाहता ती केशरचना जोनच्या काळातील नव्हतीच. ती होती १९२० च्या दशकातील ‘बॉब’. जोनवरील खटल्यात, १४३१ साली, पुरुषी वेशाबरोबरच तिच्या केसांचाही उल्लेख आरोपांत होता. तरुण पुरुषांप्रमाणे ते कानांच्या वर गोल कापलेले होते. तेव्हा मावशींची जोन इतिहासाच्या कसोटीला उतरली नाही, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणणार होतो. परंतु थोडे वाचल्यावर आमच्या ध्यानी आले की, ही चूक वाटते तितकी मोठी नाही.

१८ एप्रिल १९०९ रोजी पोप दहावे पायस यांनी जोनला धन्यवादित घोषित केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंत्वान या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पोलिश केशरचनाकाराने एव्ह लाव्हालिएर या अभिनेत्रीचे केस आखूड कापले. आंत्वानचे मूळ नाव आंतोनी चेर्प्लिकोव्स्की. पोलंडमधील सिएराद्झ गावी त्याचा जन्म झाला. लाव्हालिएरने तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि तिला रंगमंचावर एका अगदी तरुण मुलीचे काम करायचे होते, असे सांगतात. या नव्या रचनेला आंत्वानने जोनचेच नाव दिले. ज्या केसांपायी जोनला बोल लावला गेला, तेच पाच शतकांनंतर पॅरिसच्या रंगभूमीवर तारुण्याची खूण ठरले! आणि पुढची गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. हीच लाव्हालिएर १९१७ मध्ये रंगभूमी सोडून ख्रिस्तसभेत परतली, संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात सामील झाली आणि १९२९ साली थ्युलिएर या खेड्यात प्रार्थनामय जीवन जगत निवर्तली.

आंत्वानची कात्री पॅरिसपुरती राहिली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील नर्तकी आयरीन कासल हिने १९१४ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जाण्यापूर्वी सोय म्हणून केस कापले आणि नंतर ते आवरण्यासाठी कपाळाभोवती मोत्यांची माळ बांधली. पाहता पाहता हजारो मुलींनी तिचे अनुकरण केले. पहिल्या महायुद्धात स्त्रिया कारखान्यांत आणि रुग्णालयांत कामाला लागल्या, तसा त्या केसांचा प्रसार वाढला. १६ मे १९२० रोजी जोन संतपदाला पोहोचली, तोवर ‘बॉब’ हा घराघरांतील कलहाचा विषय झाला होता. त्याच महिन्यात एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या लेखकाची, केस कापून पस्तावणाऱ्या मुलीची कथा एका खपाऊ अमेरिकन साप्ताहिकात छापून आली. १९२१ मध्ये शिकागोतील एका नामवंत दुकानाने केस कापल्याबद्दल विक्रीखात्यातील मुलीला नोकरीवरून दूर केले.

व्यासपीठांवरूनही बोलले जात होते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अकरावा अध्याय अनेक पंथांच्या उपदेशकांच्या हाती आला. तेथे लांब केसांना स्त्रीचे भूषण म्हटले आहे. इ. स. ३४० च्या सुमारास भरलेल्या गांग्रा येथील धर्मपरिषदेने तर वैराग्याच्या नावाखाली केस कापणाऱ्या स्त्रीला बहिष्कृत ठरविले होते. परंतु त्याच ख्रिस्तसभेत १२१२ साली असिसीकर संत फ्रान्सिसने संत क्लाराचे केस स्वतःच्या हाताने कापले आणि तो तिच्या समर्पणाचा क्षण मानला गेला. केस तेच आणि कात्रीही तीच. प्रश्न होता तो कात्री कोणाच्या इच्छेने चालते याचा. आपल्या मराठी मुलखाला हे निराळे सांगायला नको. ज्या समाजांत केशवपन हे वैधव्याचे सक्तीचे चिन्ह होते, तेथे स्त्रीच्या आखूड केसांकडे फॅशन म्हणून पाहण्याची कल्पना तरी कोणाला सुचणार होती?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इतिहासात नावे राहिली ती कापणाऱ्यांची. परंतु वडिलांच्या, पतीच्या किंवा मालकाच्या भीतीने, अथवा स्वतःलाच केसांचा मोह न सुटल्याने ज्यांनी कात्री टाळली, त्यांनीही आखूड केस ‘धारण’ केले. त्या काळच्या केशरचनाकारांनी लांब केसांतून बॉबचा आभास कसा साधावा, याचे सल्ले दिले. कापलेला केस पुन्हा वाढायला वर्षे लागतात. खोचलेला केस रात्री झोपण्यापूर्वी सुटतो. संध्याकाळी मेजवानीला बॉब आणि सकाळी वडिलांसमोर वेणी, असा तो दुहेरी संसार होता. त्याला लबाडी म्हणावे की शहाणपण, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोडतो. आमच्यापुरते म्हणाल तर त्यात आम्हांला लबाडीपेक्षा कोंडमारा अधिक दिसतो.

मावशींच्या हाताखाली हे कसब आम्ही बारकाईने पाहिले. प्रथम बाजूला भांग. मग एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत आडवी रेघ काढून केसांचे वरचा व खालचा असे दोन थर. खालच्या थराच्या दोन बारीक, सैलसर वेण्या घालून त्या मानेवर एकमेकींवरून आडव्या चपट्या बसवायच्या आणि पिनांनी डोक्याशी जखडायच्या. पुढचे सारे या वेण्यांच्या आधारावर उभे राहते. वरच्या थरातील पुढच्या केसांना जवस उकळून गाळलेले बुळबुळीत पाणी लावले. दोन बोटांमध्ये केस चिमटीत धरून कंगवा एकदा पुढे, एकदा मागे लोटत त्यांनी कपाळालगत लाटा काढल्या. यंत्र नाही, उष्णता नाही, केवळ बोटे! शंभर वर्षांपूर्वी युरोपातील स्त्रिया याच कामासाठी क्विन्स फळाच्या बियांचा असाच चिकट काढा वापरीत. लाटा वाळल्यावर वरच्या केसांची टोके आतल्या बाजूने गुंडाळीत वर नेली आणि वेण्यांखाली दडविली. गुंडाळीची घडी नेमकी हनुवटीच्या रेषेत यावी लागते; दोन बोटे खाली आली तर तो नुसता सैल अंबाडा दिसतो. प्रत्येक जागी दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवरून खोचलेल्या, म्हणजे एक सुटली तरी दुसरी धरून ठेवते. सर्वांत शेवटी केसांच्याच रंगाची बारीक जाळी.

यातील पिन आणि जाळी या दोहोंची कहाणी इतिहासाच्या विनोदबुद्धीचा नमुना आहे. ती चपटी, घट्ट पकडीची पिन प्रचारात आली आखूड केस आवरण्यासाठी आणि इंग्रजीत आजही तिचे नाव ‘बॉबी’ पिन असे बॉबवरूनच आहे. जाळ्यांचे याच्या उलट झाले. चीनच्या शांतुंग प्रांतातील चीफू, म्हणजे आजचे यान्ताय, या बंदरातून मानवी केसांच्या जाळ्या पश्चिमेकडे जात. त्या भागातील असंख्य स्त्रिया आणि मुली त्या हाताने विणीत. न्यूयॉर्क-पॅरिसच्या मुलींनी केस कापले आणि चीफूच्या विणणारणींच्या हातचे काम गेले. हा बॉब चीनमधील किती चुलींपर्यंत पोहोचला, याचा विचार त्या वेळी आरशासमोर बसलेल्या कोणी केला असेल असे वाटत नाही.

खोट्या बॉबचे खरे शत्रू मात्र वडीलधारे नव्हतेच. फॅशनच त्याच्यावर उलटली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ‘शिंगल’ आला. त्यात मानेवरचे केस वस्तऱ्याने निमुळते होत जात आणि मान उघडी पडे. पाठोपाठ मुलग्यासारखा ‘ईटन क्रॉप’ आला. उघड्या मानेवर वेण्या दडविणार कोठे? त्यातच घंटेच्या आकाराची, भुवयांपर्यंत घट्ट बसणारी ‘क्लोश’ टोपी रूढ झाली. तिच्यात अंबाडा मावत नसे. लांब केसांच्या स्त्रीला आता कापणे किंवा मागासलेली म्हणवून घेणे, एवढेच पर्याय उरले. अमेरिकेत कित्येक स्त्रिया पुरुषांच्या न्हाव्याच्या दुकानात रांग लावून उभ्या राहिल्या, कारण स्त्रियांच्या केशरचनाकारांना अंबाडे घालता येत, कापणे येत नसे. गंमत अशी की, कापलेल्यांपैकीच काही जणी सायंकाळच्या समारंभासाठी विकतचे खोटे अंबाडे मानेवर लावू लागल्या. लांब केसांनी आखूडपणाचे सोंग घ्यावे आणि आखूड केसांनी लांबपणाचे!

सोंगाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. १८९५ मध्ये लिझ्यच्या कार्मेल मठात बाळ येशूच्या संत तेरेजाने स्वतः लिहिलेल्या नाटकात जोनची भूमिका केली. त्या वेशातील तिची छायाचित्रे उपलब्ध आहेत. खऱ्या जोनचे केस आखूड आणि मठातील नियमाप्रमाणे तेरेजाचेही आखूड; तरी छायाचित्रांत जोनच्या खांद्यांवर लांब केस रुळताना दिसतात. तो टोप होता. तेथे कोणी हसले नसावे.

मूकपटांची लाडकी नायिका मेरी पिकफर्ड हिने सोनेरी बटांच्या बळावर बालिकेच्या भूमिका तिशी ओलांडल्यावरही निभावल्या. आपण केस का कापले नाहीत, यावर तिने १९२७ मध्ये लेखही लिहिला. पुढल्याच वर्षी तिची आई वारली आणि काही महिन्यांत तिने न्यूयॉर्कमध्ये त्या बटा कापविल्या. वृत्तपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्यानंतरच्या ‘कोकेट’ या बोलपटासाठी तिला ऑस्कर मिळाले, परंतु प्रेक्षकांचे जुने प्रेम परतले नाही. कापलेल्या बटांपैकी काही वस्तुसंग्रहालयांत गेल्या.

आमच्या नाटकाचा प्रयोग मात्र उत्तम झाला. अग्निशिक्षेच्या प्रवेशात एक पिन सैल होऊन मुलीच्या कानामागून वेणीचे टोक डोकावू लागले, ते पहिल्या रांगेतील तिच्या आजीनेच तेवढे पाहिले असावे. पडदा पडल्यावर मावशींनी तिला खुर्चीवर बसवून पिना काढायला घेतल्या आणि आजी त्या ओंजळीत मोजून घेऊ लागली. त्रेपन्न भरल्या. केस पाठीवर मोकळे झाले तेव्हा मुलगी आरशात पाहून म्हणाली, ‘‘मला ते आखूडच बरे दिसत होते.’’ आजीने पिना रुमालात बांधल्या, गाठ मारली आणि म्हणाली, ‘‘सणाचे पाहुणे जाऊ देत, मग तुझ्या आईशी बोलू.’’