गांजाविषयक गुन्हे व शिक्षा (मुंबई उपनगरे)

गांजा व चरस बाळगणे, विकणे वा सेवन करणे यांबद्दल १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली होणारी शिक्षा. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असल्यास १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून अधिक पण व्यापारी प्रमाणाहून कमी असल्यास १० वर्षांपर्यंत कैद व १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाण, म्हणजे २० किलोहून अधिक, असल्यास १० ते २० वर्षे कैद व १ ते २ लाख दंड. चरसाचे व्यापारी प्रमाण अवघ्या १ किलोच्या पुढे. नुसत्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फुला-फळांच्या शेंड्यांशिवायची पाने व बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग वेगळी.

अल्प प्रमाणाचे खटले अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतात. मोठे खटले विशेष न्यायालयात जातात. पंचांसमोर लाखेचे सील लावलेल्या पुडीतील नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. सील किंवा वजनाच्या नोंदीत तफावत निघाली, तर खटला डळमळतो.

खरा खर्च दंडाच्या पावतीत दिसत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, शिवाय वकिलाची फी आणि जामीनदार शोधण्याची वणवण. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन दुर्मीळ. निर्दोष ठरणाऱ्याचीही वर्षे कोठडीत जातात, हा या कायद्याचा सर्वांत कठोर भाग होय. कोठडीतील आरोपीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.