पॅटन नगर

पॅटन नगर : 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात खेमकरण आघाडीवर पाकिस्तानी सैन्याने गमावलेले आणि सोडून दिलेले रणगाडे जिथे ओढून आणून रांगेने उभे केले, ती पंजाबातील भिखीविंड गावाजवळची जागा. गाव तेव्हा अमृतसर जिल्ह्यात होते, आता तरनतारन जिल्ह्यात आहे. इथे सुमारे 60 रणगाडे मांडले होते आणि त्यांत अमेरिकी बनावटीच्या पॅटनचा भरणा होता, म्हणून जवानांनी व लोकांनी दिलेले हे नाव रूढ झाले. हे नगर काही महिन्यांचेच ठरले. पुढे त्यातले रणगाडे युद्धस्मारके म्हणून देशभरच्या छावण्यांत, संग्रहालयांत आणि शहरांच्या चौकांत गेले.

पाकिस्तानला हे रणगाडे 1954 च्या लष्करी मदत करारानंतर मिळत गेले. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्राने दिले होते. अकरा वर्षांनी ती वापरली गेलीच. एम-47 आणि एम-48 हे पॅटनचे दोन प्रकार पाकिस्तानकडे होते. दोन्हींवर 90 मिमीची तोफ, वजन 45 टनांच्या आसपास आणि इंजिन पेट्रोलवर चालणारे. भारताकडे त्या तोडीचा म्हणता येईल असा सेंच्युरियन तेवढा होता. बाकी दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स-13. कागदावर पाहिले तर लढाई पाकिस्तानच्या बाजूने झुकलेली होती.

6 सप्टेंबरला भारताने लाहोर आघाडी उघडली. खेमकरणकडून इच्छोगिल कालव्याच्या दिशेने निघालेल्या चौथ्या पर्वतीय डिव्हिजनचा हल्ला फसला आणि ती मागे हटून असल उत्तर या गावाभोवती मोर्चे धरून बसली. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन तिच्यामागोमाग आली. बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसरचा हमरस्ता तोडायचा, असा तिचा बेत होता. भारतीय डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल गुरबक्ष सिंग आणि दुसऱ्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांनी नालाच्या आकारात मोर्चेबंदी केली. रणगाडे उभ्या उसात लपवले आणि कालवा फोडून पुढची शेते भिजवून टाकली. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्तातले आणि निकालाच्या दृष्टीने सर्वांत महागाचे.

8 ते 10 सप्टेंबर असे तीन दिवस पॅटन या नालात शिरत राहिले. चिखल टाळून कोरड्या पट्ट्यावरून यावे तर बाजू उघडी पडे, शेतात उतरावे तर पट्टे रुतत. रुतलेल्या रणगाड्याला बाहेर काढायला दुसरा रणगाडा लागतो, आणि तो पुढे आला की भारतीय तोफांना आयते दुसरे लक्ष्य मिळे. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या 106 मिमी रिकॉइललेस तोफेने अगदी जवळून रणगाडे टिपले आणि 10 तारखेला ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शेर्मनवाल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुण वैद्य यांच्याकडे होते. त्यांना इथे महावीर चक्र मिळाले, 1971 मध्ये बसंतरच्या लढाईसाठी ते दुसऱ्यांदा मिळाले आणि 1983 मध्ये ते लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर 1986 मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली.

भारतीय नोंदींनुसार या लढाईत पाकिस्तानचे 97 रणगाडे नष्ट झाले किंवा हाती आले. पाकिस्तानी लेखक यापेक्षा कमी आकडा देतात. एका संख्येत दोन वेगळ्या गोष्टी बसवल्याने वाद वाढतो. फुटलेला रणगाडा ही मारणाऱ्याची कमाई; सोडून दिलेला रणगाडा ही हरणाऱ्याची कबुली. खेमकरणला दुसऱ्या प्रकारचे नग बरेच होते आणि त्यांतले काही तर चालू स्थितीत होते. 11 सप्टेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या चौथ्या कॅव्हलरीचे अधिकारी व जवान उसातून बाहेर येऊन शरण आले, तेव्हा त्यांची वाहने आसपासच्या चिखलात तशीच उभी होती.

ती का सोडली, याची कारणे यंत्राइतकीच माणसांत होती. पॅटनचे अंतरमापक यंत्र दोन डोळ्यांच्या दृष्टीचा मेळ घालून अंतर सांगत असे. मोकळ्या माळावर, सरावलेल्या माणसाच्या हाती ते फार अचूक. पण डोक्यापेक्षा उंच उसात, काहीशे यार्डांवर, घाईत ते अडचणच करी. त्यावर हात बसायला लागणारा सराव अनेक तुकड्यांना मिळालेला नव्हता. पायदळ रणगाड्यांबरोबर पुढे सरकले नाही, त्यामुळे उसात लपलेली जीप हुडकून काढणारे कोणी नव्हते. त्यात पेट्रोलचा पुरवठा तुटला आणि वरिष्ठ अधिकारी पुढच्या फळीत मारले गेले.

यावरून पॅटन हा रणगाडाच कुचकामी, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. वर्तमानपत्रांनी ती आवडीने जोपासली. ती चुकीची आहे. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, इस्रायलने सिनाईत एम-48 उत्तम वापरला, आणि जॉर्डनकडून हाती आलेले पॅटन स्वतःच्या सैन्यात सामावून घेतले. भारताने मात्र पॅटनची रेजिमेंट उभी केली नाही. युद्ध सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला होता. 90 मिमीचा दारूगोळा आणि सुटे भाग आणायचे कुठून? शत्रूचे सोडलेले हत्यार हाती आल्याने आपले होत नाही, त्याच्यामागचा कारखाना आपला असावा लागतो. म्हणून या रणगाड्यांचा उपयोग अभ्यासासाठी आणि प्रदर्शनासाठी झाला. कायद्याच्या दृष्टीने रणांगणावर पकडलेला शत्रूचा लष्करी माल जिंकणाऱ्या राष्ट्राच्या मालकीचा होतो, पकडणाऱ्या सैनिकाच्या नव्हे. त्यामुळे कोणता रणगाडा कुठे ठेवायचा हे सरकारने ठरवले.

सोडलेल्या सामानाचा हिशेब एकतर्फी मांडण्यात अर्थ नाही. लाहोर आघाडीवर भारताच्या एका डिव्हिजन-सेनापतीची जीप महत्त्वाच्या कागदांसह पाकिस्तानच्या हाती लागली आणि त्यांतला मजकूर पाकिस्तानी रेडिओने जगाला ऐकवला. आणि इतके पॅटन भिखीविंडला उभे असताना खुद्द खेमकरण गाव मात्र 23 सप्टेंबरच्या युद्धविरामानंतरही पाकिस्तानच्याच ताब्यात होते. ताश्कंद करारानंतर, फेब्रुवारी 1966 मध्ये, ते परत मिळाले. पॅटन नगराच्या छायाचित्रांखाली ही ओळ सहसा छापली जात नाही.

महाराष्ट्रात हे रणगाडे जवळून पाहण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने ते उभारले आणि 1994 मध्ये ते सुरू झाले. पॅटनखेरीज जपानी हा-गो रणगाडा, जर्मन 88 मिमी तोफ अशी इतर पराभूत सैन्यांची सामग्रीही तिथे आहे. पॅटनसमोर उभे राहिलात तर माहितीचा फलक वाचण्याआधी रणगाड्याला एक फेरी मारा आणि पोलादात गोळा शिरल्याचे भोक शोधा. ते सापडले नाही, तर तो बहुधा सोडून दिलेला असावा.