तालीम : एका शब्दाचे दोन अर्थ



‘तालीम’ हा शब्द आपल्या घरात दोन अर्थांनी वावरतो. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, व्यायामशाळा, कसून केलेला सराव. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्द एकच; परंतु आपल्या घरांत या दोन अर्थांचे वैर पडलेले दिसते. मुलगा चेंडू घेऊन मैदानावर गेला की वडील म्हणतात, ‘झाली तालीम!’ आणि मुलाला वाटते, पुस्तक हातात धरले की खेळ संपला. हे वैर खरे आहे काय? भारतीय फुटबॉलच्या इतिहासाला हा प्रश्न विचारून पाहू.

प्रथम कलकत्त्याकडे वळू. तेथील मोहमेडन स्पोर्टिंग क्लबची स्थापना १८९१ ची. कलकत्ता फुटबॉल लीगचे विजेतेपद तोवर गोऱ्या संघांकडेच जात असे. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंग पहिल्या विभागात आला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकून गेला. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब होय. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने हे विजेतेपद सोडले नाही. १९४० साली ड्युरंड चषक जिंकणारा पहिला भारतीय संघही हाच. हे यश नशिबाने आले नव्हते. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर अनवाणी खेळाडू घसरतात, हे ओळखून त्यांनी बूट वापरले. आणि बंगालबाहेरचे, दूरदूरच्या प्रांतांतले खेळाडू शोधून आणले. इकडे मुंबईच्या रोव्हर्स चषकावर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने नाव कोरले.

तथापि तयार खेळाडू शोधून आणणे वेगळे आणि लहान मुलातून खेळाडू घडविणे वेगळे. हे दुसरे काम ज्याने मनावर घेतले, तो माणूस एक शाळामास्तर होता.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली होता, तेव्हा हैदराबाद आपणांस परके नाही. रहीमसाहेबांनी उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेतली, शाळांतून शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. त्यांच्या कामात शिक्षकाची नजर सतत दिसते. चेंडू पायाशी खेळवत ठेवण्याऐवजी मुलांनी तो झटपट सहकाऱ्याकडे द्यावा, म्हणून त्यांनी ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा घेतल्या. उजव्या पायाच्या मुलाचा डावा पाय तयार व्हावा, म्हणून दुबळ्या पायाने खेळावयाच्या स्पर्धा घेतल्या. कच्च्या विषयाचा अभ्यास आधी करून घेणारा मास्तर आपण सर्वांनी पाहिला आहे. रहीमसाहेबांनी तीच रीत मैदानावर नेली.

फळ काय मिळाले ते पाहा. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियावरील ४-२ अशा विजयात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांनी तीन गोल केले. १९६२ साली जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून भारताने पुन्हा आशियाई सुवर्ण पटकावले. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने जर्जर झाले होते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ते गेले.

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तर गेला आणि त्याची शाळा मागे राहिली नाही. एका माणसाच्या ठायी असलेली विद्या संस्थेत उतरली नव्हती. फ्रान्सने १९७३ मध्ये व्यावसायिक क्लबांवर प्रशिक्षण केंद्र चालविण्याचे बंधन घातले. बार्सिलोना क्लबने १९७९ साली एका जुन्या शेतघरात मुलांचे वसतिगृह सुरू केले. आपल्याकडे मात्र जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी निघावयास १९८७ साल उजाडले. निवास, आहार, सराव आणि शिक्षण एकत्र देणाऱ्या या अकादमीतून कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, महेश गवळी, सुब्रत पाल असे आंतरराष्ट्रीय खेळाडू निघाले. तेथे शिकवावयास हैदराबादचे महंमद हबीबही गेले होते. १९७७ साली पेलेंच्या कॉसमॉस संघाविरुद्ध मोहन बागानकडून गोल करणारे ते हेच हबीब.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी सुरू केल्या. चाचण्या घेऊन लहान वयात मुले निवडावयाची, त्यांचा निवास, आहार, शाळा आणि सराव यांचा भार शासनाने उचलावयाचा, ही त्यामागील योजना. आपल्या शेजारच्या अकोल्याची प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी नावाजली. पुण्याच्या बालेवाडीत फुटबॉलचे धडे घेतलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. रिलायन्स फाउंडेशनची नवी मुंबईतील निवासी अकादमी २०१५ ची. तेथे निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. मुलींच्या पालकांनीही हे वाचून पान उलटू नये. २०२२ साली मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारतातच झाला आणि त्याचे सामने नवी मुंबईतही रंगले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बुलढाण्यात व्यावसायिक क्लब नाही. मलकापूरचा, खामगावचा किंवा मेहकरचा मुलगा या वाटेने जाणार असेल, तर त्याला घर सोडावे लागेल. अकरा-बारा वर्षांचे लेकरू परगावी ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा पालकांनी भावनेच्या भरात होकारही देऊ नये आणि नकारही देऊ नये.

हिशोब साधा आहे. मैदानावर एका संघाचे अकराच खेळाडू उतरतात. अकादमीत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला व्यावसायिक करार मिळत नाही. मोठमोठ्या देशांतही बहुसंख्य मुले वाटेत गळतात. गुडघ्याची एक दुखापत सर्व स्वप्न मोडू शकते. त्या दिवशी त्या मुलाच्या हातात काय उरते, यावरून अकादमीची पारख करावी. हातात शाळेचा दाखला आणि उत्तीर्ण झाल्याचे गुणपत्रक असेल, तर तो शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, प्रशिक्षक, पंच किंवा अन्य काहीही होऊ शकतो. नसेल, तर त्याची दोन्ही अर्थांची तालीम बुडाली असे समजावे.

म्हणून प्रवेशाआधी चार प्रश्न विचारा. मुलाचे नाव कोणत्या मान्यताप्राप्त शाळेत राहणार? प्रशिक्षकाकडे परवाना आहे काय? दुखापत झाल्यास उपचार कोण करणार? आणि जिल्हा वा राज्य संघटनेशी संस्थेचा संबंध आहे काय? निवडीची हमी देऊन रोख रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहा. आणखी एक विनंती : वय कमी दाखविण्याचा मोह टाळा. आता मनगटाची तपासणी करून वय ताडले जाते. खोट्या दाखल्याने मुलाचे एक वर्ष वाचत नाही, उलट सारी वाट बंद होते.

फ्रान्समधील क्लेअरफोंतेन हे राष्ट्रीय केंद्र पाहा. थिएरी ऑन्री, किलियन एम्बापे यांच्यासारखे खेळाडू तेथे शिकले. तेथील मुले आठवडाभर केंद्रात राहतात, शाळेत जातात, सराव करतात आणि आठवड्याच्या अखेरीस घरी परततात. शाळा आणि आई-बाप यांना वगळून खेळाडू घडत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. अकादमी दूर असेल, पण दुबळा पाय तुमच्याजवळ आहे. शाळेच्या भिंतीवर रोज डाव्या पायाने चेंडू मारावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि गणित कच्चे असेल, तर तोही दुबळा पायच समजा. दोन्ही पायांनी चालणाऱ्यालाच वाट लांबवर नेते. रहीम मास्तरांनी मैदानावर हाच धडा गिरवून घेतला. तो घरी गिरवून घेण्याचे काम आपणा पालकांचे आहे.