विटाळ कशाचा? वर्ध्याच्या विहिरींचा एक विस्मृत इतिहास

१/ साल १९३५. वर्ध्याच्या मगनवाडीतून रोज सकाळी काही माणसे बादल्या आणि फावडी घेऊन जवळच्या सिंदी गावाकडे निघत. त्यांत गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई असत. ब्रिटिश नौदलातील ॲडमिरलची कन्या मीराबेनही असत. गावात पोहोचल्यावर ही मंडळी वाटेवरची विष्ठा उचलून पुरत असत. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न खरे तर येथूनच सुरू होतो.

२/ वर्ध्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी पृष्ठभागावरील घाण घेऊन या भेगांत उतरते आणि खालच्या खडकाच्या फटींतून विहिरीकडे झिरपते. विहिरीला कठडा नसेल, तर ते थेट आत वाहते. पटकी, हगवण आणि विषमज्वर हे रोग याच वाटेने घरात शिरत.

३/ हा संबंध शास्त्राला ठाऊक झालेला होता. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पटकीची साथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरल्याचे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले होते. पाण्यात मिसळलेला मैला हेच विष होते.

४/ आपल्याकडे मात्र 'पाणी बाटले' या शब्दांचा अर्थ निराळा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतून! माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले, असा हा न्याय होता.

५/ वर्ध्यातही या समजुतीला धक्के बसत होते. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. आपल्या विहिरीही त्यांनी सर्वांसाठी मोकळ्या केल्या. पाण्यावर हक्क कोणाचा, हा एक प्रश्न. ते पाणी कशाने दूषित होते, हा दुसरा. सिंदीतील बादल्या या दुसऱ्या प्रश्नाला हात घालत होत्या.

६/ उपाय साधा होता. उथळ चर खणावा, विष्ठेवर लगेच कोरडी माती टाकावी. मातीच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव तिचे खत करतात. माशा बसत नाहीत आणि घाण पावसाबरोबर वाहून जात नाही. शेतकऱ्याच्या भाषेत हेच सोनखत. विहिरीचा शत्रू अशा रीतीने शेताचा मित्र होई.

७/ सिंदीने मात्र कार्यकर्त्यांना नम्र केले. महिनोन्‌महिने सफाई चालली, तरी गावकऱ्यांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. दुसरा कोणी उचलणार असेल, तर आपण का बदलावे? जातिव्यवस्थेने शेकडो वर्षे दिलेली ही शिकवण सकाळच्या काही तासांत पुसली जाणारी नव्हती.

८/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. मीराबेन आधीच तेथे पोहोचल्या होत्या. त्याच वर्षी गांधीजींना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मीराबेनना विषमज्वर झाला. खेड्याचे पाणी आणि डास कोणाचीही कीर्ती पाहत नाहीत, हे आश्रमाने स्वतःच्या देहावर अनुभवले. हेच शेगाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले.

९/ पुढचा प्रयोग विनोबांचा. १९४६ पासून पन्नाशी ओलांडलेले विनोबा पवनारच्या आश्रमातून खांद्यावर फावडे टाकून सुरगावला चालत जात आणि तेथील मैला साफ करीत. भाषण नाही, सभा नाही, केवळ नेम. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर निर्वासितांच्या कामासाठी त्यांना बाहेर पडावे लागले, तेव्हा हा क्रम थांबला.

१०/ या प्रयोगांची मर्यादाही स्पष्ट पाहिली पाहिजे. उच्चवर्णीयाने स्वेच्छेने फावडे उचलले, म्हणून जन्माने ते काम माथी मारलेल्या माणसाची सुटका झाली नाही. त्याला सेवेपेक्षा हक्क हवा होता. चवदार तळ्याचा न्यायालयीन निकालही १९३७ मध्ये, दहा वर्षांच्या झगड्यानंतर लागला. महाडशिवाय सुरगाव अपुरे आहे. आणि विहीर सर्वांना खुली झाली तरी तिच्या काठावर उकिरडा असेल, तर त्या हक्काबरोबर रोगही वाट्याला येतो.

११/ पुढे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावात राहून घराघरांची पाहणी करते. रोगाचे मूळ रुग्णाच्या अंगणात शोधण्याची सिंदीची रीत येथे अभ्यासक्रमाचा भाग झाली.

१२/ आज महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. स्रोताजवळ उकिरडा आहे का, सांडपाणी साचते का, जलवाहिनीला गळती आहे का, ब्लीचिंग पावडर नियमित वापरली जाते का, हे त्यात पाहिले जाते. पाणी कोणी शेंदले, हा रकाना त्या तक्त्यात नाही. एका शतकापूर्वी पाणी 'बाटले' की नाही, हे ठरविणारा पहिला प्रश्न तोच होता.