जुन्या मोटारींमधील डिस्क ब्रेक रूपांतर

जुन्या मोटारींमधील डिस्क ब्रेक रूपांतर म्हणजे मूळच्या ड्रम ब्रेकच्या जागी, बहुधा पुढील दोन चाकांवर, डिस्क ब्रेक बसवण्याची प्रक्रिया होय. मोटारीचे बाह्यरूप बदलू नये म्हणून अनेक मालक मूळची चाके कायम ठेवतात. त्यामुळे नव्या ब्रेकचा आकार मूळ रिमच्या पोकळीवरून ठरतो. भारतात हा विषय मुख्यतः फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्तान ॲम्बॅसॅडर या मोटारींच्या संदर्भात येतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला व्यवहार्य रूप दिले आणि पुढील अर्धशतक ड्रम ब्रेकच प्रचारात राहिला. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, तर १९५५ च्या सिट्रोएन डीएसमुळे हा ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला.

वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईतील कुर्ला येथे १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ ही मोटार तयार केली. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. इटलीत याच घराण्यातील १९६६ च्या ११०० आर या मोटारीला पुढे डिस्क ब्रेक मिळाले. मात्र भारतातील पद्मिनी ड्रम ब्रेकवरच धावत राहिली.

भंडारा जिल्ह्यातील उपयोगिता

मुंबई–कोलकाता मार्गाचा भाग असलेला राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा क्रमांक ६, भंडारा, लाखनी व साकोली या गावांमधून जातो. त्यावर मालमोटारींची वर्दळ मोठी असते. आधुनिक मोटारी जितक्या अंतरात थांबतात तितक्या अंतरात ड्रम ब्रेकची जुनी मोटार थांबेलच असे नाही. याखेरीज हा तलावांचा, धानशेतीचा आणि भरपूर पावसाचा जिल्हा आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते. ते लवकर बाहेर पडत नाही आणि लायनर ओले असेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही. एका चाकाचा ड्रम ओला व दुसऱ्याचा कोरडा असल्यास गाडी एका बाजूला ओढली जाते. डिस्क उघडी असल्याने तिच्यावरील पाणी फिरण्याने झटकले जाते आणि पॅड ते पुसून काढतात. सतत ब्रेक लावल्याने निर्माण होणारी उष्णताही डिस्कमधून अधिक लवकर निघून जाते.

मूळ चाकांची मर्यादा

पद्मिनीचे चाक १४ इंची, तर ॲम्बॅसॅडरचे १५ इंची असते. १४ इंच म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. परंतु हे माप टायर जेथे बसतो तेथील आहे. रिमचा मधला भाग आत खोलगट असल्याने प्रत्यक्ष पोकळी यापेक्षा बरीच कमी भरते. डिस्कच्या कडेवरून वळसा घेणारा कॅलिपर याच पोकळीत मावावा लागतो. म्हणून १४ इंची चाकात साधारणतः २४ ते २६ सेंटिमीटर व्यासाची डिस्क निवडली जाते. कॅलिपर व रिम यांत काही मिलिमीटरचे अंतर आवश्यक असते, कारण वळणावर चाक किंचित वाकते आणि रिमच्या आत खडा अडकू शकतो.

दुसरी अडचण आडव्या मापाची असते. नव्या हबमुळे चाक बाहेर सरकल्यास टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगवरील ताण वाढतो. बोल्टांचे वर्तुळ आणि हबचा मधला उंचवटा मूळ चाकाशी जुळणेही आवश्यक असते. यासाठी पुठ्ठ्याचा किंवा लाकडी साचा करून चाक हाताने पूर्ण फिरवून पाहणे ही जुनी व खात्रीची पद्धत आहे. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट पोलादी पट्टीतून मूळ छिद्रांवर बसेल असा तयार करतात. स्टब ॲक्सलला वेल्डिंग करणे धोक्याचे असते, कारण उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात.

द्रवप्रणालीतील बदल

ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या फिरण्यामुळे शू ड्रमवर आपोआप अधिक आवळला जातो. डिस्कमध्ये हा लाभ नसतो. त्यामुळे डिस्कला अधिक दाब लागतो आणि त्यासाठी अनेकदा व्हॅक्यूम बूस्टर जोडावा लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास कमी केल्यास दाब वाढतो, परंतु पेडल अधिक खाली जाते. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते; ती डिस्कच्या नळीत तशीच राहिल्यास पॅड सतत घासून तापतात.

पुढील डिस्कसाठी वाढवलेला दाब मागील ड्रमपर्यंत जसाच्या तसा गेला, तर मागील चाके आधी जखडतात आणि गाडी आडवी फिरू शकते. म्हणून मागील नळीत दाब मर्यादित करणारी झडप बसवतात. याच वेळी एकेरी मास्टर सिलिंडरऐवजी दुहेरी बसवल्यास एक नळी फुटली तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक शाबूत राहतात. मागील ड्रम कायम ठेवल्याने हॅन्डब्रेक पूर्ववत चालतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन त्यात मोडते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत १० वर्षे आहे. अशा वाहनाचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये ही वयोमर्यादा गाठली. व्याख्येत ब्रेकचा स्वतंत्र उल्लेख नसला तरी ‘मूळ स्वरूप’ ही अट आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट ठरते. भंडारा जिल्ह्याचा नोंदणी संकेतांक एमएच-३६ आहे.

मतभेद

मूळ रचना हाच ऐतिहासिक पुरावा असल्याने ती बदलू नये, असे एक मत आहे. योग्य मापाचे ड्रम, नवे लायनर, ताजे ब्रेक तेल आणि काळजीपूर्वक समायोजन एवढ्यानेही जुने ब्रेक समाधानकारक काम देतात, असे या पक्षाचे म्हणणे असते. रहदारीत चालणारी गाडी वेळेवर थांबणे हे मूळपणाहून महत्त्वाचे, असे दुसरे मत आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेत बदल शक्यतो नजरेत न भरणारे व परत फिरवता येणारे असावेत, अशी भूमिका आहे. त्यास अनुसरून अनेक मालक मूळ चाके गाडीवर ठेवतात, कुठेही नवे छिद्र पाडत नाहीत आणि काढलेले ड्रम, शू व मास्टर सिलिंडर तेल लावून जपून ठेवतात.