चोवीस नंबरचं लेणं

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं की कितीतरी गच्च्यांवर लोखंडी सळया उभ्या दिसतात. वरचा मजला पुढे कधीतरी. त्या बघतच तुम्ही सकाळी निघता, फुलंब्री, सिल्लोड मागे टाकून फर्दापूरला उतरता. शंभरेक किलोमीटर झाले. पुढचा प्रवास पंधराशे वर्षांचा.

वाघूर नदीच्या वळणावर घणाचे आवाज घुमतायत. वाकाटक राजा हरिषेणाचं राज्य आहे. मुकादम तुमच्या हातात टाकी-हातोडा देतो आणि अजिंठ्याच्या ज्या लेण्याला पुढे 24 नंबर पडणार आहे, तिथे पाठवतो. काम दांडगं: वीस खांबांचा विहार, साधारण 75 फूट लांब-रुंद.

सुरुवात छतापासून. वरून खाली उतरत यायचं, म्हणजे परांची लागत नाही. पायाखालचा न फोडलेला कातळच पुरतो. अख्खं दालन एकदम उकरत नाहीत. आधी लांब बोळ पाडायचे, मग मधल्या भिंती फोडायच्या आणि खांबापुरता दगड सोडायचा. तोही जाडाभरडा, कारण उडालेला ढलपा परत चिकटत नाही. आतला एक खांब तेवढा पुरा झालाय. त्याच्यावरून तळवा फिरवा, मग शेजारच्या दगडावरून. तिथे टाकीच्या तिरक्या रेघा बोटांना टोचतात.

आणि मग काम थांबतं. का, ते पाथरवटाला कोण सांगतो? अजिंठ्यासाठी अर्धं आयुष्य वेचलेले अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते 477 च्या सुमारास हरिषेण अचानक गेला आणि आश्रयदात्यांचा हात आखडला. त्यांच्या सालवारीवर वाद आहेत, असोत. थांबलेली कामं मात्र डोळ्यांसमोर आहेत, 5 आणि 29 नंबरचीही. पण 24 मध्ये जाता जाता माणसांनी गाभाऱ्यात बुद्ध बसवला. खांब राहिले, जमीन खडबडीत राहिली. बुद्ध पाय खाली सोडून निवांत बसलाय. सगळं झाल्यावरच पूजा, असा हट्ट कुणी धरला नाही. मला ही अक्कल फार मोलाची वाटते.

एक नंबरमधल्या पद्मपाणीच्या चित्रापुढे माणूस गप्प होतो, पण डोंगरातून एवढं दालन काढलं कसं, ते तिथे कळत नाही. गुळगुळीत भिंती सगळे माग लपवतात. 24 मध्ये ते तसेच उघडे आहेत, कारण पुसून काढायला कुणी उरलं नाही. म्हणून पुरं झालेलं लेणं कौतुकाला, आणि शिकायला हे.

बहुतेक मंडळी 26 मधला निजलेला बुद्ध गाठायच्या घाईत हे लेणं ओलांडून जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. आणि सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो.